पेशंटला बसवून सेंट्रल लाइन काढू नका
नाशिकरोडच्या सिस्टरांनी विचारलंय, मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) काढताना पेशंट खुर्चीत बसलेला असला तर काय बिघडतं? फार बिघडतं. बसल्यावर मानेच्या शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, श्वास घेताना आणखी उतरतो आणि छिद्रातून हवा ओढली जाते. 14 गेजच्या सुईएवढ्या वाटेतून, 5 सेंमी पाण्याइतक्या दाबफरकाला, सेकंदाला सुमारे 100 मिली! 200-300 मिली हवा जीव घेऊ शकते.

म्हणून डोकं खाली, निदान सपाट झोपवा. श्वास सोडताना किंवा रोखून कुंथताना काढा, छिद्र किमान 5 मिनिटं दाबा. वर हवाबंद ड्रेसिंग, 24 तास. नुसता गॉज (जाळीदार कापड) नकोच. डायलिसिसच्या जाड कॅथेटरचा (नळीचा) मार्ग काढल्यावर लगेच मिटत नाही. अर्धा तास उठवू नका. अचानक धाप लागली तर छिद्र झाका, डाव्या कुशीवर, डोकं खाली, 100 टक्के ऑक्सिजन, आणि डॉक्टरांना तत्काळ हाक.