मदत हवी आहे: वादविवादात भावनेच्या मुद्द्याला उत्तर कसं द्यावं?

राजापुरात बारावीच्या मुलांची वादविवादाची तयारी घेतोय. विषय प्रस्तावित जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प, आमची बाजू समर्थनाची. मुलं १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० हे घडाघडा सांगतात. सरावात समोरची मुलगी एवढंच म्हणाली, "आज्याने लावलेलं हापूसचं कलम तोडायला कुऱ्हाड कोण धरणार?" वर्ग चिडीचूप. आमचे आकडे तिथेच संपले.

मांडणीने मत फिरतं हे ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की-कानेमन यांच्या १९८१ च्या प्रयोगात ६०० जणांचा जीव घेऊ शकणाऱ्या काल्पनिक साथीवर दोन पर्याय होते, एक खात्रीचा, एक जोखमीचा. खात्रीच्या पर्यायात ६०० पैकी '२०० वाचतील' म्हटल्यावर ७२ टक्के लोकांनी तो निवडला. तोच '४०० मरतील' असा मांडला तेव्हा फक्त २२ टक्क्यांनी. म्हणून 'वीज मिळेल'ऐवजी 'पोरं मुंबईला जातात, घरांना कुलपं लागतात' असं बोलून पाहिलं. बरं जमलं, पण तिचं वाक्य खोडायला गेलो की पुन्हा कलमच डोळ्यांपुढे उभं राहतं. 'भावनिक होऊ नका' म्हणणं मला पटत नाही. त्या कलमाचं दुःख खरं आहे.

उत्तराला दोनच मिनिटं, हातात कागद चालत नाही, आणि भीती घालून जिंकायचं नाही. मग पहिलं वाक्य कसं असावं: तिचं दुःख मान्य करणारं, की थेट आमचं चित्र उभं करणारं?