कावीळ झालेल्या मुलाचे आकडे सुधारत असताना शुद्ध का हरपली?

नदीकाठ:
माझ्या १९ वर्षांच्या भाच्याला हिपॅटायटिस ए मुळे कावीळ झाली. दहाव्या दिवशी एसजीपीटी ३,२०० वरून ९०० वर आल्याने आम्ही निर्धास्त झालो, पण त्याच रात्री तो टक्क जागा राहून असंबद्ध बोलू लागला. आता तो अतिदक्षता विभागात आहे. हे असे कसे घडले?

अनुबंध (यकृत विभागात डॉक्टर):
एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधले द्रव्य असून पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते. फुटण्याजोग्या पेशीच कमी उरल्या, तरीही हा आकडा खाली येतो. त्यामुळे त्यासोबत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, पाहावाच लागतो; तो जितका वाढेल तितके रक्त उशिरा गोठते. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवते आणि त्यांतला सातवा घटक रक्तात काही तासच टिकतो, म्हणून यकृत थकल्याचे आयएनआरमध्ये लवकर उमटते. पूर्वी यकृत निरोगी असलेल्या माणसाचा आयएनआर १.५ किंवा अधिक झाला आणि भानही बिघडले, तर ते तीव्र यकृत निकामी होणे समजतात.

आतड्यातला अमोनिया एरवी यकृत युरियात बदलते. ते थांबले की अमोनिया मेंदूत पोहोचतो, तिथल्या पेशींत त्याचे ग्लुटामिन होते, ते पाणी ओढून घेते आणि मेंदूला सूज येते. जुन्या यकृतविकारात मेंदूला जुळवून घ्यायला महिने मिळतात. इथे मोजके दिवस मिळतात. दिवसा झोप आणि रात्री जाग ही त्याची सुरुवातीची खूण असते. अशा वेळी घरी झोपेची गोळी देणे फार घातक ठरते.

मालविका:
मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. यकृताचा साखरेचा साठा संपल्यानेही रुग्ण बरळतो, म्हणून आम्ही रक्तातली साखर वरचेवर तपासतो.

नदीकाठ:
मनापासून आभार. रक्त गोठत नसूनही प्लाझ्मा का देत नाहीत?

अनुबंध:
प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग, त्यात दात्याचे गोठवणारे घटक असतात. रक्तस्राव नसताना तो दिला, तर आयएनआर वरवर सुधारतो आणि प्रत्यारोपणाचा निर्णय ज्याच्या आधारे घ्यायचा, तोच आकडा झाकला जातो. हिपॅटायटिस ए मध्ये अनेकांचे यकृत पुन्हा उभे राहते, त्यामुळे वाट पाहणे रास्त आहे. तरीही आपल्याकडे बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडूनच मिळतात, तेव्हा रक्तगट जुळणाऱ्या आप्तांच्या तपासण्या आजच सुरू करता येतील का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा.