यंदा सातच कादंबऱ्या, पण मोठ्यानं

*सेक्रेटरी:* सर्व सभासदांना सूचना. उद्या ३१ तारखेला सकाळी १० ते १ टाक्या धुण्याचं काम आहे. पाणी भरून ठेवावे.

*ए-१०३:* 👍 वर्षाचा शेवटचा दिवसही टाकीलाच. असो. माझी यंदा ४१ पुस्तकं झाली. ग्रुपवर वाचणारे बरेच आहेत, कुणाची किती?

*सी-५०२ काकू:* माझ्या सात कादंबऱ्या. त्यातली एक अर्धीच.

*ए-१०३:* काकू, तुमच्याकडे तर भिंतभर कपाट आहे! सातच?

*सी-५०२ काकू:* यंदा सगळं मोठ्यानं वाचलं रे. मागच्या दिवाळीनंतर आईंना (सासूबाईंना) अक्षर दिसेनासं झालं. त्या ८८ वर्षांच्या, कान मात्र तिखट. रोज दुपारी साडेतीन ते साडेचार मी वाचते, त्या ऐकतात. तासाला पंधरा पानं झाली तरी डोक्यावरून पाणी. कारण मधे मधे त्यांचं बोलणं असतं, आणि खरं सांगायचं तर पुस्तकाइतकंच तेही ऐकण्यासारखं.

*डी-२०१:* काकू कुठल्या कुठल्या वाचल्यात? मला सुट्टीत काहीतरी हवंय.

*सी-५०२ काकू:* सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’नं केली. पुस्तक १९५५ चं, मी कॉलेजात असताना एका रात्रीत संपवलेलं. तेव्हा मी काय करायचे, ते आत्ता कळलं. बोलीतले संवाद आले की नजर खाली घसरवायची, पुढे काय होतं ते बघायचं. मोठ्यानं वाचताना ती चोरी करता येत नाही. आईंचं माहेर आटपाडीकडचं, म्हणजे माडगूळकरांचाच मुलूख. पहिल्याच दिवशी मला थांबवून म्हणाल्या, “शाळेत धडा वाचल्यासारखं ‘व्हय’ म्हणू नकोस, कारभारी काय तुझा इन्स्पेक्टर आहे का?”

*बी-४०४ ताई:* 😂😂

*सी-५०२ काकू:* पुढे गावकरी तालीम बांधतात आणि राजेसाहेब येतात, तिथे तर अर्धा तास वाचन बंद. आटपाडी औंध संस्थानात होती. तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, शाळाशाळांत सूर्यनमस्कार लावलेले. आई म्हणाल्या, “आम्ही पोरीसुद्धा घालायचो.” आणि खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडून पहिली स्थिती करून दाखवली. चाळीस वर्षं त्यांच्या घरात राहते मी, मला हे ठाऊक नव्हतं.

*ए-१०३:* क्या बात है. पुढची?

*सी-५०२ काकू:* ‘धग’. उद्धव शेळके, १९६०. ही मी आधी दोनदा हातात घेऊन ठेवून दिली होती, वऱ्हाडी जमेना म्हणून. यंदा बी-४०४ ताईंना रोज दुपारी त्रास दिला.

*बी-४०४ ताई:* त्रास कायले व्हतो काकू! आमची अमरावतीची भाषा कोनी इतक्या हौसेनं विचारते का? मी तर व्हॉइस मेसेज पाठवू पाठवू थकली नाही. फक्त ‘मले’ तुम्ही आजूनही पुण्याचंच म्हनता.

*सी-५०२ काकू:* मान्य 🙏 पण त्यातली कौतिक काय बाई आहे. नवऱ्याच्या हातून काही होत नाही, सगळा संसार तिनं एकटीनं ओढायचा, पोरगं शिकलं पाहिजे ही एकच जिद्द. आणि शेळके तिच्यासाठी एकदाही गळा काढत नाहीत. लेखक रडला असता तर मला सोपं गेलं असतं. दर दोन-चार पानांनी आई विचारायच्या, “हिला कुणी एक दिवस नीट निजू देणार आहे का नाही?” मला विचाराल तर यंदाची सगळ्यात मोठी कादंबरी हीच. शाळेत हिच्याबद्दल एक ओळ ऐकलेली आठवत नाही, याचा राग येतो.

*डी-२०१:* नेमाड्यांची ‘कोसला’ नाही वाचली?? तिचा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच आहे 😎

*ए-१०३:* तू मेसचं बिल तरी वेळेवर भरतोस का?

*डी-२०१:* उदाहरणार्थ, नाही.

*सी-५०२ काकू:* वाचली ना. जूनमध्ये. वीस वर्षांची असताना मलाही पांडुरंग आपलाच वाटायचा. आता ६१ व्या वर्षी मी चक्क त्याच्या वडिलांच्या बाजूनं वाचत होते, काय सांगू! आईंचं तर सुरुवातीपासून एकच, “बाप पैसे पाठवतोय ना? मग याचं दुखतं कुठे?” ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ मोठ्यानं म्हणायला मात्र धमाल येते. ते डोळ्यांनी वाचायचं पुस्तकच नव्हे.

पण मनीचं प्रकरण आलं. पांडुरंगची धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते तो भाग. मी वाचतेय, आई काही बोलत नाहीत. वाटलं डोळा लागला. पाहिलं तर उजव्या हातानं डाव्या दंडावरचे देवी टोचल्याचे वण चाचपत बसलेल्या. म्हणाल्या, “पुरे आज.” दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तर म्हणाल्या, “आधी माझं ऐक.” त्यांचा धाकटा भाऊ देवीत गेला. त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्याला आतल्या खोलीत ठेवलं होतं, आणि यांना दारातून बघायलाही बंदी. त्याचं नाव आमच्या घरात मी कधी ऐकलंच नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. आईंनी ते सांगितलं, मग म्हणाल्या, “हां, वाच आता तुझ्या त्या पांडुरंगाचं.”

*डॉक्टर ई-३०२:* काकू, अंगावर काटा आला. कोसला आली १९६३ मध्ये, तेव्हा देवी ही काही जुनी आठवण नव्हती. भारतात १९७५ पर्यंत रुग्ण सापडत होते. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी हा रोग फक्त पुस्तकात पाहिला. आजींना नमस्कार सांगा.

*डी-२०१:* काकू, मी ते प्रकरण परत वाचतो.

*सेक्रेटरी:* गेस्ट पार्किंगमध्ये पांढरी गाडी कुणाची आहे? पाण्याचा टँकर आत येत नाहीये.

*ए-१०३:* माझ्या मेव्हण्याची, काढतो. काकू थांबू नका.

*सी-५०२ काकू:* पावसाळ्यात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ चं पुस्तक, दीडशे पानांच्या आतबाहेर. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू, आणि त्यांतली हॅर्टा. मुंबई येते, नायक चक्रधर उतरतो, ती बोटीवरच राहते आणि नंतर

*ए-१०३:* शेवट सांगू नका!!! माझी राहिलीय.

*सी-५०२ काकू:* बरं. तुझ्या ४१ पुस्तकांत ही बसली नाही होय? एवढंच सांगते, आई चक्रधरवर दोन दिवस चिडून होत्या, आणि तो काही समोर नाही म्हणून आमटी मी बिघडवल्याचं निमित्त झालं.

‘गोतावळा’ त्यांना फार आवडली. आनंद यादवांचा नारबा, त्याची गुरं, आणि मळ्यात येणारा ट्रॅक्टर. माहेरच्या बैलांची नावं त्यांना अजून पाठ आहेत, नवऱ्याच्या मावशांची नाहीत.

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ दसऱ्यानंतर लावली. ही ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून तुकड्यातुकड्यानं यायची, तेव्हा लोक आठवडाभर कसे थांबले असतील देव जाणे. भाषा जुनी, आपटे मधेच लांबण लावतात, मला कंटाळा यायचा. विधवा झालेल्या यमूच्या केशवपनाशी आले तेव्हा मीच विचारलं, गाळू का? म्हणाल्या, “गाळू नको. आमच्या आत्याला मी पाहिलंय लाल आलवणात. तिचं कुणी लिहिलं नाही, हिचं तरी वाच.”

*बी-४०४ ताई:* आजीले माह्या नमस्कार सांगा काकू 🙏

*ए-१०३:* आणि ती अर्धी कुठली?

*सी-५०२ काकू:* एक जाडजूड ऐतिहासिक. नाव सांगणार नाही, ग्रुपवर लढाई नको. दर पानावर कुणीतरी गर्जना करायचं, माझा घसा बसला. शेवटी आईच म्हणाल्या, “हे सगळे बसून का बोलत नाहीत?” ठेवून दिली.

*डी-२०१:* 🤣 काकू, मी येऊन वाचू का एखाद दिवस? मला मोठ्यानं वाचायची सवय नाही, पण.

*सी-५०२ काकू:* माझा घसा अजून धड नाहीच, ये. ‘धग’ परत लावायची म्हणतायत.

*डी-२०१:* वऱ्हाडी?? मेलो.

*बी-४०४ ताई:* मी पन येतो. पोट्ट्याले शिकवा लागन.

*सी-५०२ काकू:* मग उद्याच या, साडेतीनला. चुकलं की आई टोकतात, मनावर घ्यायचं नाही. आणि टाकी धुणार आहेत, चहा घरून पिऊन या.