ससा चोवीस तास घरभर मोकळा? मला नाही पटत

डोंबिवलीकर:
परवा एका ताईंनी लिहिलं होतं, "ज्यांना ससा चोवीस तास घरभर मोकळा ठेवता येत नाही, त्यांनी तो पाळूच नये. पिंजरा म्हणजे तुरुंग." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आमचं घर वन बीएचके, चौथा मजला. कापूस तीन महिन्यांचा असताना आणला आणि असंच कुठेतरी वाचून मोकळा सोडला. आधी दोन चार्जर गेले. मग सोफ्याच्या खालचं कापड फाडून तो आत जाऊन बसायला लागला. आम्ही कौतुकच केलं. मे महिन्यात एका दुपारी पंखा बंद पडला म्हणून बायको हॉलमध्ये आली. कूलरच्या वायरीवर बोटभर जागा सोललेली, आतलं तांबं चकचकीत, आणि शेजारी कापूस कुशीवर पडलेला. एका बाजूच्या मिशा जळून आखडल्या होत्या. दीड वर्षाचा होता.

आता साय आहे. तिला हॉलच्या कोपऱ्यात सहा फूट बाय चार फूट जाळीचं कुंपण केलंय. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे ससे खरे हुंदडतात त्या वेळी, पाच तास ती बाहेर असते आणि आमच्यापैकी कुणीतरी जमिनीवर बसलेलं असतं. तिनं जिवंत राहावं म्हणून हे करतो. ह्याला तुरुंग म्हणू नका.

दोन सशांची आई:
ते वाक्य माझंच. कापसाबद्दल वाचून पोटात कालवलं, खरंच. पण दादा, वायर उघडी होती हा सशाचा दोष नाही. दात आयुष्यभर वाढतात, तो कुरतडणारच. माझ्याकडे जमिनीपासून दोन फुटांपर्यंतची प्रत्येक वायर केसिंग पट्टीत आहे, फ्रिजच्या मागे फळी ठोकलीय, मनी प्लांट वर टांगलाय.

आणि मी चिडून का लिहिलं तेही ऐका. माझी पहिली मादी मी दोन बाय दोनच्या तारेच्या पिंजऱ्यातून सोडवून आणली. कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या सशाच्या पावलांना नसतात, नुसती लव असते. तारेवर बसून बसून तिच्या मागच्या टाचांची लव झडली होती, खाली लाल मांस दिसत होतं. तीन महिने रोज पट्टी बदलली. असे पिंजरे आजही गच्च्यांवर आहेत आणि लोक म्हणतात, "आमचा ससा किती शांत आहे!"

बर्मिंगहॅमहून:
इथली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर उंच जागा सांगते, तीही सलग आणि सतत उपलब्ध. त्या हिशेबात डोंबिवलीकरांचं कुंपण निम्म्याहून लहान आहे.

डोंबिवलीकर:
३ बाय २ मीटर दिलं तर आमच्या हॉलमध्ये माणसांनी कुठे बसायचं? आणि साय एकटी आहे.

बर्मिंगहॅमहून:
एकटी आहे हाही प्रश्नच आहे. ससा कळपातला प्राणी.

नाशिकचा काका:
मुताबद्दल कुणी का बोलत नाही? आमची चांदी वाड्यात मोकळी असते. सासूबाईंची चाळीस वर्षांची गोधडी तिनं तीनदा भिजवली. धुऊन, उन्हात टाकूनही वास जात नाही. सासूबाई आता आमच्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत.

दोन सशांची आई:
काका, नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. बहुतेक सशांचं मुतून खुणा करणं कमी होतं, मग ट्रेमध्ये जायची सवयही लवकर लागते.

नाशिकचा काका:
माणसाच्या सोयीसाठी मुक्या जिवाचं पोट फाडायचं? पिंजऱ्याला तुरुंग म्हणता आणि हे चालतं तुम्हाला?

सांगलीची:
काका, मला "दोन्ही माद्या आहेत" म्हणून जोडी विकली होती. एकतिसाव्या दिवशी सहा पिलं. आम्ही शहाणे होऊन वेगळं करेपर्यंत मादीला पुन्हा दिवस गेले होते, कारण विल्यानंतर लगेच ती गाभण राहू शकते. महिन्याभरात आणखी सात. तेरा पिलांना घरं शोधत मी गावभर फिरलेय. दोन पिलं ज्यांना दिली त्यांनी शेतात सोडून दिली, रात्रीत कुत्र्यांनी नेली. निसर्गाच्या गोष्टी मला सांगू नका.

नाशिकचा काका:
आवाज चढवायची गरज नाही. मी भीतीपोटी बोलतोय. चांदीच्या आधीच्या मादीचं ऑपरेशन ठरवलं होतं. "रात्रीपासून उपाशी ठेवा" असं सांगितलं, ठेवली. शुद्धीवर आली, पण खाईना. लेंड्या बंद झाल्या, पोट फुगून टणक झालं. तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर गेली. त्यानंतर तुम्ही मला सांगताय, ऑपरेशन करा.

पशुवैद्य, सातारा:
काका, तुमच्यावर अन्याय झाला. कुत्र्याला उपाशी ठेवतात कारण भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. सशाला उलटी होतच नाही. त्याचं आतडं सतत चालू लागतं, उपाशी ठेवलं की तेच थांबतं. चारा अगदी भूल देण्याच्या थोडं आधीपर्यंत समोर हवा, आणि शुद्धीवर आल्याबरोबर पुन्हा. आमच्या शिक्षणात गाय, म्हैस, कुत्रा भरपूर, ससा चार ओळींचा. कुत्र्याला चालणारं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाला तोंडावाटे दिलं तर जीव जाऊ शकतो, हेही सगळ्यांना ठाऊक नसतं. तरीही सांगते, ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढतं तसा गर्भाशयाचा कॅन्सर खूप आढळतो. मी पोटं उघडून पाहिलाय.

दोन सशांची आई:
काका, मला हे माहीत नव्हतं. "ऑपरेशन करून घ्या" इतक्या सहज म्हणायला नको होतं.

डोंबिवलीकर:
मूळ मुद्दा राहिलाच. ताई, केसिंग पट्टी ह्या रविवारी बसवतो, ते तुमचं बरोबर. डायनिंग टेबल हलवलं तर कुंपण आठ फुटांचं होईल, गुळगुळीत फरशीवर सायचे पाय फाकतात म्हणून खाली घोंगडीही टाकतो. पण रात्री आणि आम्ही घरात नसताना कुंपणाचं दार बंदच राहणार. त्यावर माझ्याशी वाद घालू नका.

दोन सशांची आई:
"पाळूच नये" एवढे शब्द मी काढते. तारेच्या पिंजऱ्याबद्दलचं एक अक्षरही काढणार नाही.

नाशिकचा काका:
डॉक्टर, चांदी चार वर्षांची आहे. उशीर झालाय का?

पशुवैद्य, सातारा:
नाही. आधी सोनोग्राफी करून घ्या. आणि जिथे न्याल तिथे पहिला प्रश्न हाच विचारा, उपाशी ठेवायचं का? "हो" म्हणाले तर चांदीला उचलून परत घरी आणा.