सरणाचं लाकूड फुकट कशाला? दाहिनी फुकट ठेवा, लाकडाला पैसे घ्या

सदाशिवपेठी:
काही महापालिका सरणाचं लाकूड फुकट देतात. मला हे उलटं वाटतं. एका सरणाला तीनशे-चारशे किलो लाकूड जातं, गोवऱ्या वेगळ्या. पावसाळ्यात ते धुमसत राहतं, आसपासच्या इमारतींत धूर शिरतो. विद्युतदाहिनीत आठशे-हजार अंश तापमान असतं आणि दीड-दोन तासांत सगळं आटोपतं. तरी दाहिनी रिकामी आणि ओट्यांसमोर लोक ताटकळलेले, असं चित्र दिसतं. परंपरा पाळायची तर खर्चही सोसा ना! करदात्याने का भरायचा?

मळ्यातला:
पेठेत बसून बोलायला काय जातंय. आमच्या स्मशानात चार खांब आणि वर पत्रा, बास. लाकूड बांधावरच्या बाभळीचं, भावकी मिळून तोडते. शहरातही ज्याच्या घरातलं माणूस गेलंय तो त्या दिवशी घासाघीस करत बसत नाही, उसनवारी करतो. दर लावलात की तोच भरडला जाणार. पैसेवाल्याला तुमच्या दराचं काही सोयरसुतक नाही.

सदाशिवपेठी:
गावाबद्दल मी बोललोच नाही. जिथे शंभर पावलांवर दाहिनी आहे, तिथलं बोलतोय. गरिबाला दाहिनी फुकटच आहे की.

शंकासूर:
फुकट आहे, पण लोक का टाळतात ते तरी बघा. सरणाला प्रदक्षिणा घालता येते, मडकं फोडता येतं, भडाग्नी देता येतो. दाहिनीत ट्रॉली आत गेली, दार पडलं, कर्मचारी म्हणाला 'अस्थी अमुक वाजता न्या', संपलं. घरच्यांनी काय करायचं? भिंतीकडे बघत उभं राहायचं? काही ठिकाणी दाराबाहेर छातीवर कापूर ठेवून अग्नी देऊ देतात, तेवढ्यानेही माणसं ऐकतात. आधी तिथे नीट ओटा, आडोसा, पाण्याचा नळ द्या. मग दराचं बोलू.

निवृत्त डॉक्टर:
लाकूड की वीज यावर भांडताय, पण खरी अडचण बहुतेक घरांत त्याआधीच येते. दाखला. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूचं कारण लिहून द्यावं लागतं, तो नमुना ४-अ. रुग्णालयातला नमुना ४. त्यावर पालिकेचा पास मिळतो, तो स्मशानात दाखवायचा. ज्या डॉक्टरने माणसाला कधी पाहिलंच नाही त्याला 'लिहून द्या हो' म्हणून गळ घालू नका. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस, पंचनामा, बहुधा शवविच्छेदन, आणि मगच दहन. घाई केलीत तर पुरावाच जळतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाहीतर पुढे विलंब शुल्क आणि परवानग्या.

आणि पेसमेकर असेल तर दाहिनीवाल्यांना आधी सांगा! त्याची बॅटरी तापली की फुटते, भट्टीच्या विटांना तडा जातो, माणसालाही इजा होऊ शकते. तो काढून घेणं दहा मिनिटांचं काम. नातेवाईक मात्र हे हटकून विसरतात.

लेस्टरकर:
आमच्याकडे इंग्लंडमध्ये उघड्यावर सरण नाहीच. १९०२ च्या कायद्यानुसार दहन नोंदणीकृत स्मशानगृहातच करावं लागतं. न्यूकॅसलच्या देवेंदर घई यांनी सरणाचा हक्क मागितला होता. २०१० मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की भिंती असलेल्या, पण छत उघडं असलेल्या बांधकामालाही 'इमारत' म्हणता येईल. निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण आमच्या गावात अजून सगळे गॅसच्या भट्टीतच जातात. तारीख मिळायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर तेराव्याचा हिशेब कसा लावायचा ते भटजींना फोनवर विचारतो. शिवाय इथे हाडं यंत्रात दळून भुकटी करून देतात. सावडायला काही उरतच नाही. म्हणून दाहिनी म्हटली की विधी जातातच असं नाही, पण बदलतात हे मान्य करायला हवं.

सदाशिवपेठी:
लेस्टरकर, मग बघा, तिथले लोक जुळवून घेतातच ना?

शंकासूर:
त्यांना पर्याय नाही म्हणून. आणि दाहिनी म्हणजे रामबाण उपाय नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत सुरतला गॅसदाहिन्या सतत चालून त्यांच्या लोखंडी जाळ्या वितळल्या. शेवटी शहरं लाकडाकडेच वळली. तुमची योजना अमलात आणून ओटे तोडलेत तर त्या दिवसात काय केलं असतं?

सदाशिवपेठी:
ओटे तोडा असं कुठे म्हणालो? पैसे घ्या म्हणालो.

मळ्यातला:
पैसे घेतले की ओटे ओस पडतील, मग कुणीतरी अधिकारी म्हणेल वापर नाही, तोडा. बरं ते असू द्या. आमच्या शिवारात काही घरं राख नदीत न सोडता शेतात टाकून आंबा लावतात, ते जरा तुमच्या पेठेत सुरू करा. मुठा आधीच भरली आहे.

निवृत्त डॉक्टर:
पेसमेकरचा फलक दाहिनीबाहेर लावायची मागणी कोणी तरी प्रभाग कार्यालयात लेखी द्या, पेठकर. तुमच्या घरापासून ते जवळ पडेल.