एप्रिलमध्ये पुणे ते नागपूर: अ‍ॅक्सोलॉटल कारने कसा न्यावा?

तळ्याकाठी
बदलीमुळे बिऱ्हाड नागपूरला हलतंय. एकच अ‍ॅक्सोलॉटल (थंड पाण्यात राहणारा, बाहेर कल्ले असलेला सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखा उभयचर), २२ सेंमी. टाकी ७५ लिटरची, स्पंज फिल्टर. एसी गाडी, प्रवास बारा-तेरा तासांचा. पिशवी बरी की झाकणाची बादली? गरज पडली तर पाण्यात बर्फ टाकू का? फिल्टरचं काय करायचं?

थंडपाणी
बर्फ पाण्यात नको, पिशवीला टेकवूनही नको. हिशोब करा: अर्धा किलो बर्फ वितळताना ४० किलोकॅलरी उष्णता ओढतो. पिशवीत ४ लिटर पाणी असेल तर तेवढ्यात ते १८ अंशांवरून ८ वर येऊ शकतं.

बादलीत पाणी हिंदकळतं, जनावर भिंतीवर आपटतं, कल्ले दुखावतात. पिशवीच घ्या, ३० बाय ६० सेंमीची, एकात एक अशा दोन. खालचे दोन्ही कोपरे दुमडून बाहेरून चिकटपट्टी लावा, नाहीतर तोंड किंवा कल्ले त्या टोकात अडकतात. पाणी एक तृतीयांशाहून जास्त नको, बाकी हवा. तोंड पिळून, दुमडून दोन रबरबँड. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात आडवी ठेवा, म्हणजे त्याला सरळ पडून राहता येतं. वाळू, दगड, झाडं काही नको.

गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळून खोक्याच्या एका टोकाला उभी करा. दुसरी थर्मासच्या डब्यात राखीव. तापमापकाची वायर पिशव्यांच्या मध्ये सोडा आणि आकडा १६ ते १८ मध्ये ठेवा. २० च्या वर जाऊ लागला की बाटली बदला. २४ ओलांडू देऊ नका.

खोकं मागच्या सीटसमोर खाली ठेवा. सेदान असेल तर डिकी विसरा, तिथे एसी पोचत नाही. रात्री निघालात तर निम्मं काम झालंच.

स्पंजवाला
वरच्यात भर: निघण्याआधी दोन-तीन दिवस खाणं बंद. भरल्या पोटी नेलं तर ते ओकतं, शिवाय विष्ठेमुळे बंद पाण्यात अमोनिया साठतो. प्रौढाला एवढा उपास सहज झेपतो.

स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून अर्ध्या भरलेल्या बादलीत न्या, झाकण सैल. हवाबंद पिशवीत कोंडला तर प्राणवायूअभावी जिवाणू मरतात आणि नागपूरला नव्याने सायकलिंग (म्हणजे ते जिवाणू पुन्हा वाढवणं) करत बसाल. टाकी पूर्ण रिकामी करा. थोडं पाणी ठेवून उचलली तर तळावर ताण येऊन सिलिकॉनचा जोड सुटतो.

तळ्याकाठी
पोचल्यावर पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब टाकीचं पाणी घालायचं ना? आणि वाटेत बॅटरीवरचा एअरपंप?

स्पंजवाला
नाही, एवढ्या प्रवासानंतर थेंबपद्धत उलटते. कार्बन डायऑक्साइड साठून पिशवीतल्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया बहुतांश कमी घातक अमोनियम रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी टाकीत तरंगवून अर्ध्या तासात तापमान जुळवा, मग उघडून लगेच जनावर हलवा. हातांनी किंवा मऊ, बारीक जाळीने. पिशवीचं पाणी मोरीत. टाकीतल्या नव्या पाण्याचं क्लोरीन आधीच काढलेलं हवं. त्यासाठी कोरफडवालं कंडिशनर नको, साधं सोडियम थायोसल्फेट पुरतं.

एअरपंप लागत नाही. कल्ले आणि कातडी आहेतच, शिवाय तो वर येऊन फुप्फुसांतही हवा घेतो. म्हणून तर पिशवीत हवा जास्त ठेवायची.

कागदपत्र
अ‍ॅक्सोलॉटल साइट्सच्या (CITES, वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्रजातींची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, नियम २०२४ चे आहेत. प्रमाणपत्राची छापील प्रत गाडीत ठेवा.

थंडपाणी
पोचल्यावर पहिला दिवस दिवे बंद, खाणं नाही. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं किंवा कल्ले पुढे झुकलेले दिसले तर तो ताण आहे. दोन दिवसांत उतरला नाही तर आधी अमोनिया मोजा, औषधाची बाटली नंतर.