विंडोज, मॅक, लिनक्स: सेटिंगची फाइल ठेवायची कुठे आणि पाथ जोडायचा कसा?

नवी_ओळ (प्रश्न)

पायथन ३.१२ मध्ये लिहिलेलं ‘नोंदवही’ नावाचं छोटं ॲप आहे. कमांड लाइनवरूनही चालतं आणि त्याला खिडकीही आहे. लिनक्सवर सुरळीत चालतं, पण विंडोज आणि मॅकवर चार गोष्टी बिघडतात. (पाथ, म्हणजे फाइलींचे पत्ते, इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.)

१. सेटिंग, नोंदींचा एसक्यूलाइट डेटाबेस, लॉग, थंबनेल असं सगळं होम फोल्डरातल्या ‘.नोंदवही’ या एकाच फोल्डरात जातं. विंडोजवर नावाआधीच्या टिंबाने फोल्डर लपत नाही, आणि बॅकअप घेताना थंबनेलचं ओझंही सोबत जातं.

२. पाथ स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून बनवलेत. सेटिंगमध्ये कोणी ‘~/नोंदी’ लिहिलं की चालू फोल्डरातच ‘~’ नावाचा नवा फोल्डर तयार होतो.

३. मॅकवर तयार झालेली ‘पायऱ्या.टीएक्सटी’ लिनक्सवर आणली की डेटाबेसमधल्या नावाशी जुळत नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं तंतोतंत सारखी दिसतात.

४. विंडोजवर सेव्ह करताना अधूनमधून ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. आणि लिहिता लिहिता वीज गेली तर सेटिंगची फाइल शून्य बाइटची उरते.

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी (ओएस) इफ-एल्सची शिडी लिहावी लागेल का?

मूळफोल्डर

शिडी नको. फाइल कुठे ठेवायची हे ओएसला माहीत असतं, तिलाच विचारा. पण त्याआधी तुमची एकच पोतडी रिकामी करून चार ढीग करा, कारण तिन्ही ओएस कमीअधिक फरकाने ढिगांप्रमाणेच जागा देतात. माणूस हाताने बदलतो ती सेटिंग. गेला तर परत मिळणार नाही तो डेटा. लॉग, शेवटची उघडलेली नोंद, खिडकीची मापं ही स्टेट. आणि केव्हाही पुसला तरी पुन्हा बनवता येतो तो कॅशे. तुमचे थंबनेल कॅशेत गेले की बॅकअपची तक्रार बरीचशी तिथेच मिटते.

लिनक्सवर एक्सडीजी बेस डिरेक्टरी हा नियम आहे. सेटिंग ‘~/.कॉन्फिग’, डेटा ‘~/.लोकल/शेअर’, स्टेट ‘~/.लोकल/स्टेट’, कॅशे ‘~/.कॅशे’. ही सगळी डिफॉल्ट ठिकाणं. वापरणाऱ्याने ‘एक्सडीजी_कॉन्फिग_होम’सारखं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं असेल तर ते आधी बघायचं. इथे दोन गोष्टी हमखास सुटतात: व्हेरिएबल रिकामं असेल तर ते दिलेलंच नाही असं धरायचं, आणि त्यात रिलेटिव्ह पाथ (चालू फोल्डरापासून मोजलेला) असेल तर त्याकडे दुर्लक्ष करायचं. फोल्डर नसेल तर ०७०० परवानगीने (फक्त मालकाला मुभा) बनवायचा.

मॅकवर सेटिंग आणि डेटा दोन्ही ‘~/लायब्ररी/ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये, कॅशे ‘~/लायब्ररी/कॅशेस’मध्ये, लॉग ‘~/लायब्ररी/लॉग्ज’मध्ये. ‘प्रेफरन्सेस’ फोल्डरात स्वतःहून काही लिहू नका. तिथल्या सेटिंगच्या पीलिस्ट फाइली सिस्टिमच्या डिफॉल्ट्स यंत्रणेच्या ताब्यात असतात आणि ती त्यांची प्रत मेमरीत धरून ठेवते. तुम्ही थेट फाइलीत केलेला बदल त्यामुळे पुसला जाऊ शकतो. ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ या नावात स्पेस आहे. शेल स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हं विसरलात तर पाथचे दोन तुकडे होतात.

विंडोजवर दोन मुख्य जागा: ‘ॲपडेटा\रोमिंग’ आणि ‘ॲपडेटा\लोकल’. रोमिंग प्रोफाइल (युजरची सेटिंग सर्व्हरवर ठेवून कुठल्याही संगणकावर देणारी सोय) असलेल्या नेटवर्कवर पहिला फोल्डर लॉगइन-लॉगआउटच्या वेळी सर्व्हरशी जुळवला जातो. म्हणून तिथे फक्त छोटी सेटिंग ठेवा. डेटाबेस आणि कॅशे लोकलमध्येच. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही. मॅनिफेस्ट (ॲपची माहिती विंडोजला देणारी नोंद) नसलेलं जुनं ३२-बिट ॲप तिथे लिहू लागलं तर विंडोज ते लिखाण गुपचूप ‘ॲपडेटा\लोकल\व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वळवते. मग फाइल दिसते एकीकडे, वाचली जाते दुसरीकडे.

हे सगळं पायथनमध्ये ‘प्लॅटफॉर्मडर्स’ ही लायब्ररी करते. तिला ॲपचं नाव द्या, पण ‘ॲपऑथर’ला मुद्दाम ‘फॉल्स’ द्या. नाहीतर विंडोजवर ‘लोकल\नोंदवही\नोंदवही’ असा दुहेरी फोल्डर बनतो. गो भाषेत हेच काम १.१३ पासून ‘ओएस.यूजरकॉन्फिगडिर’ करतं, क्यूटी या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत ‘क्यूस्टँडर्डपाथ्स’.

तिरकी_रेघ

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. ‘~’चा अर्थ शेलला कळतो, कर्नलला नाही. तुम्ही ‘~/नोंदी’ जसंच्या तसं फाइल उघडणाऱ्या फंक्शनला दिलं की त्याच्या लेखी ‘~’ हे साधं फोल्डरचं नाव. पाथलिब या पायथनच्या पाथ हाताळणाऱ्या लायब्ररीतलं ‘एक्सपांडयूजर’ आधी चालवा, तेही सेटिंग वाचल्या वाचल्या, एकाच ठिकाणी. आणि चुकून बनलेला तो फोल्डर पुसताना फार जपून: टर्मिनलवर ‘आरएम -आर ~’ लिहिलंत तर शेल ‘~’चं होम करतं आणि आख्खं होम जातं. ‘./~’ असंच लिहा, नाहीतर फाइल मॅनेजरमधून काढा.

जोडणी पाथलिबच्या ‘/’ ऑपरेटरने करा. स्लॅश की बॅकस्लॅश हा त्यातला लहान प्रश्न आहे, विंडोजच्या बहुतेक फंक्शनना पुढचा स्लॅश चालतो. खरे खड्डे वेगळे आहेत:

जोडीतला दुसरा तुकडा ॲब्सोल्यूट (मुळापासून सांगितलेला पूर्ण पाथ) असेल तर पहिला तुकडा मुकाट्याने फेकला जातो. ‘डेटा फोल्डर’ आणि ‘/एटीसी/पासडब्ल्यूडी’ जोडलं की उरतं फक्त ‘/एटीसी/पासडब्ल्यूडी’. नाव बाहेरून येत असेल तर ही सुरक्षेची भगदाड आहे. जोडून झाल्यावर ‘रिझॉल्व्ह’ने खरा पाथ काढा आणि पाथ अजून डेटा फोल्डराच्या आतच आहे ना, हे ‘इज_रिलेटिव्ह_टू’ने तपासा.

विंडोजवर ‘सी:नोंदी’ आणि ‘सी:\नोंदी’ एक नव्हेत. पहिला पाथ सी ड्राइव्हच्या चालू फोल्डरापासून मोजला जातो.

लिनक्सवर बॅकस्लॅश हे नावात चालणारं अक्षर आहे. विंडोजवर साठवलेला ‘फोटो\एक.जेपीजी’ हा पाथ डेटाबेसमधून लिनक्सवर वाचलात तर ‘फोटो’ फोल्डर शोधलाच जाणार नाही, त्या आख्ख्या नावाची एकच फाइल शोधली जाईल. डेटाबेसमध्ये रिलेटिव्ह पाथ ठेवा आणि तोही ‘ॲज_पॉझिक्स’ने पुढच्या स्लॅशमध्ये बदलून.

नोंदीच्या शीर्षकावरून फाइलचं नाव बनवत असाल तर विंडोजचे नियम सगळ्यांना लावा, कारण तेच सगळ्यात कडक आहेत. कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, लहान-मोठेची चिन्हं आणि दोन्ही स्लॅश वर्ज्य. शेवटी टिंब किंवा स्पेस नको, विंडोज ती कापून टाकते. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, सीओएम१ ते ९, एलपीटी१ ते ९ ही रोमन नावं राखीव आहेत, पुढे एक्स्टेन्शन लावलं तरीही. रोमन नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज आणि मॅक डिफॉल्टने मानत नाहीत, लिनक्स मानतं. लिनक्सवर शेजारी नांदणाऱ्या दोन फाइली दुसरीकडे कॉपी करताना एकमेकींवर चढतात.

लांबी: विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरं, त्यात ड्राइव्हचं अक्षर आणि शेवटचं शून्यही धरलेलं. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती उठवता येते, पण रजिस्ट्रीतली ‘लाँगपाथ्सएनेबल्ड’ आणि ॲपच्या मॅनिफेस्टमधली नोंद अशी दोन्ही कुलुपं उघडावी लागतात. एकावर भागत नाही.

बाइटमोजणी

तिसरा प्रश्न मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या भेटतो. दोष ‘ऱ’चा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध ०९३१, किंवा ०९३० म्हणजे ‘र’ आणि त्याखाली ०९३सी हा नुक्ता. ‘पायऱ्या’ एकसंध लिहिलं तर ७ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. तोडून लिहिलं तर ८ चिन्हं, २४ बाइट. लिनक्स फक्त बाइट बघतं, म्हणून त्याच्या लेखी या दोन फाइली. मॅकची जुनी एचएफएस प्लस नाव तोडूनच साठवायची. आताची एपीएफएस दिलेले बाइट तसेच ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच धरते, पण मॅकच्या काही सिस्टिम लायब्ऱ्या नाव खाली देण्याआधीच तोडतात. तुमची फाइल तशीच आली असणार.

उपाय: ‘युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ (तुकडे जोडून एकसंध चिन्ह करणारी पद्धत) देऊन मिळणारं रूप डेटाबेसमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा आणि तुलना त्याच्याशीच करा. फाइल उघडताना मात्र ओएसने दिलेलं मूळ नाव जसंच्या तसं वापरा. डिस्कवरच्या फाइलींची नावं परस्पर बदलू नका. गिट किंवा सिंक चालू असेल तर एक फाइल गेली आणि दुसरी आली असंच तिथे दिसतं.

एवढ्यावर सुटका होत नाही. ‘ॲ’ हे ०९७२ असं एक चिन्ह आहे, पण बरेच कीबोर्ड ‘अ’ आणि त्यावर चंद्र असे दोन तुकडे देतात. युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे एनएफसी इथे काहीच करत नाही. तसंच ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) अशी ‘ऱ्या’ची जुनी लिहिण्याची पद्धत. तिच्यातही २४ बाइटच होतात, पण बाइट वेगळे, आणि एनएफसी तिलाही हात लावत नाही. तुलनेच्या रकान्यापुरते हे दोन बदल स्वतः करा: ‘अ’ अधिक चंद्र याचा ‘ॲ’, आणि ‘र’-हलन्त-झेडडब्ल्यूजे याचा ‘ऱ’-हलन्त. बाकी ठिकाणचा झेडडब्ल्यूजे राहू द्या.

नावाची लांबीही इथेच बघा. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइट मिळतात, विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ यूटीएफ-१६ एकक. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे लिनक्सवर जास्तीत जास्त ८५ चिन्हं, आणि काना-मात्रा-हलन्त प्रत्येकी एक धरून. ‘.टीएक्सटी’चे रोमन ४ बाइट आणि तात्पुरत्या फाइलीचे ‘.टीएमपी’चे ४ वजा केले की ८२ उरतात. शीर्षक कापताना बाइट मोजून कापा, पण जोडाक्षराच्या मध्ये नको. नाहीतर शेवटी लोंबता हलन्त राहतो.

मूळफोल्डर

चौथा मुद्दा. मूळ फाइल ‘लिहिण्यासाठी’ उघडली की ती त्याच क्षणी रिकामी होते. मजकूर डिस्कवर पोचायच्या आत वीज गेली तर शून्य बाइट उरतात. क्रम असा ठेवा: त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल, तिच्यात लिखाण, ‘फ्लश’, ‘ओएस.एफसिंक’ (मजकूर खरोखर डिस्कवर पोचवणारं), फाइल बंद, मग ‘ओएस.रिप्लेस’. ‘ओएस.रिनेम’ वापरू नका, समोर फाइल असेल तर विंडोजवर ते अडतं. तात्पुरती फाइल ‘/टीएमपी’मध्येही नको. ते बऱ्याचदा वेगळं फाइलसिस्टिम असतं आणि दोन फाइलसिस्टिममध्ये रिनेम होत नाही.

‘एमकेएसटेम्प’ने बनवलेली फाइल ०६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) असते. मूळ फाइलीची परवानगी ‘शटिल.कॉपीमोड’ने तिच्यावर चढवा. आणि बरेच जण सेटिंगची फाइल गिटमध्ये ठेवून तिथून सिमलिंक (खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) करतात. तुमच्या ‘रिप्लेस’ने ती लिंक मोडून साधी फाइल होईल, म्हणून आधी ‘रिझॉल्व्ह’ने खरी जागा काढून तिथे लिहा.

विंडोजवरचा ‘ॲक्सेस डिनाइड’ बहुतेकदा अँटिव्हायरसने किंवा शोधाच्या इंडेक्सरने फाइल क्षणभर उघडलेली असल्याचा असतो. एरर क्रमांक ५ किंवा ३२ आला तर ५० मिलिसेकंद थांबा, दर वेळी थांबणं दुप्पट करा, पाच प्रयत्नांनंतर चूक दाखवा. वाचताना आणि लिहिताना ‘एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ स्पष्ट द्या. ३.१२ विंडोजवर आपणहून सिस्टिमचं कोडपेज (अक्षरांची जुनी सारणी) धरतं आणि मराठी मजकुरावर अडतं. वाचताना ‘यूटीएफ-८-एसआयजी’ दिलंत तर फाइलीच्या सुरुवातीचा बीओएमही (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) पचतो.

नवी_ओळ

फार उपयोगी. दोनच शंका. मॅकवर कमांड लाइन वापरणारे ‘~/.कॉन्फिग’च मागतात, त्याचं काय? आणि जुन्या ‘.नोंदवही’ फोल्डरातलं सामान कसं हलवायचं?

तिरकी_रेघ

मॅकबद्दल माझं मत मूळफोल्डर यांच्याहून थोडं वेगळं आहे. टर्मिनलमध्ये राहणारा माणूस मॅकवरही सेटिंग हाताने लिहितो आणि तीच फाइल लिनक्सवर नेतो. ‘लायब्ररी’ फोल्डर फाइंडरमध्ये २०११ च्या लायन आवृत्तीपासून लपवलेला आहे, तिथे तो शोधायला जाणार नाही. मॅकवरही एक्सडीजी व्हेरिएबल दिलेलं असेल किंवा ‘~/.कॉन्फिग/नोंदवही’ आधीच असेल तर ते वापरा, नसेल तर ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’. डेटाबेस मात्र एकाच जागी. आणि ‘नोंदवही --पाथ’ अशी कमांड द्या, जी चारही जागा छापते. बहुतेक तक्रारी त्या एका कमांडच्या उत्तरातच उलगडतात.

मूळफोल्डर

सेटिंगपुरतं मान्य. हलवण्याबद्दल: नवी जागा रिकामी आणि जुनी भरलेली असेल तेव्हाच, आणि हलवू नका, कॉपी करा. डेटाबेसची फाइल नुसती उचलू नका. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) चालू असेल तर ताजे बदल शेजारच्या ‘-वॉल’ फाइलीत असतात, मुख्य फाइल एकटी नेली की ते मागे राहतात. पायथनच्या एसक्यूलाइट कनेक्शनचं ‘बॅकअप’ फंक्शन ३.७ पासून आहे, त्याने प्रत काढा. ती आधी तात्पुरत्या नावाने बनवा, ‘इंटेग्रिटी_चेक’ने ‘ओके’ आलं की मगच खऱ्या नावावर रिप्लेस करा. थंबनेल नेऊच नका, कॅशे पुन्हा बनेल. हे सगळं सूडोखाली, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने, चाललं तर नव्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी साध्या युजरला सेव्ह करता येत नाही. म्हणून ‘जीईटीईयूआयडी’ (चालवणाऱ्या युजरचा क्रमांक) शून्य, म्हणजे रूटचा, असेल तर हलवण्याचं काम तिथेच थांबवा.

बाइटमोजणी

एक चाचणी जरूर घाला: ‘एक्सडीजी_कॉन्फिग_होम’ला ‘/टीएमपी/दऱ्या खोरे’ असा स्पेस आणि ‘ऱ’ असलेला पाथ देऊन सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा, एकदा एकसंध ‘ऱ’ने आणि एकदा तोडलेल्या. कोडमध्ये कुठे स्ट्रिंग जोडणं राहिलं असेल किंवा नाव परस्पर नॉर्मलाइझ होत असेल, तर लिनक्सवर तिथे ‘फाइल सापडली नाही’ येतं आणि ओळ क्रमांकासकट कळतं.